गोंदिया ते सिंधुदुर्ग विमानाने: अंतर ९४० किलोमीटर, मग अख्खा दिवस का जातो?

महाराष्ट्राच्या एका टोकाला गोंदियाचा बिरसी विमानतळ, दुसऱ्या टोकाला सिंधुदुर्गातला चिपी. राज्यातल्या राज्यात याहून एकमेकांपासून लांब असे दोन प्रवासी विमानतळ सापडणार नाहीत. या दोघांमध्ये थेट विमान नाही; हैदराबादला उतरून दुसऱ्या कंपनीचं विमान धरावं लागतं. तरीही अंतर सांगणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर दोन्ही नावं टाकलीत तर ते बिनधास्त सांगतं: सुमारे ९४० किलोमीटर, उड्डाणाचा वेळ दीड-पावणेदोन तास. अंतराचा आकडा बरोबर आहे. वेळेचा आकडा मात्र अशा जेट विमानाचा आहे, जे या मार्गावर उडतच नाही.

बदली, लग्नकार्य, मुलांचं कॉलेज किंवा मालवणची सहल, कशासाठीही पहिल्यांदा हा प्रवास आखत असाल तर पुढच्या पायऱ्या क्रमाने करा. हीच पद्धत दुसऱ्या कोणत्याही दोन आडबाजूच्या विमानतळांना लागू पडते, फक्त आकडे बदलतील.

हाताशी काय हवं

- कोसाइन आणि वर्गमूळ काढणारा कॅल्क्युलेटर (फोन आडवा धरला की बहुतेक फोनमध्ये तो मिळतो)
- उपग्रहचित्र दाखवणारा नकाशा
- दोन्ही विमान कंपन्यांची चालू हंगामाची वेळापत्रकं, त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरची
- रेल्वेचं वेळापत्रक. ते का लागतं हे दहाव्या पायरीत कळेल
- एक कोरा कागद. सात वार आडवे लिहायला तो लागतोच.

१. विमानतळ नक्की कोणता, ते आधी ठरवा

लहान विमानतळाला तीन-तीन नावं असतात. शहराचं, गावाचं आणि कोडचं. गोंदियाचा विमानतळ बिरसी गावाजवळ आहे, त्याचा तीन अक्षरी कोड जीडीबी. सिंधुदुर्गचा विमानतळ वेंगुर्ले तालुक्यात परुळे-चिपी इथे आहे, कोड एसडीडब्ल्यू. ‘कुडाळ’ किंवा ‘मालवण’ टाकून शोधलंत तर काही ठिकाणी हा विमानतळ दिसणारच नाही, उलट गोव्याची विमानं समोर येतील.

आणि गोवा म्हटलं की आणखी एक भानगड. तिथे दोन विमानतळ आहेत: दाबोळी, कोड जीओआय, आणि पेडणे तालुक्यातला मोपा, कोड जीओएक्स. मोपा जानेवारी २०२३ पासून चालू आहे. सिंधुदुर्गला जाणाऱ्यासाठी या दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मोपा जिल्ह्याच्या हद्दीला लागून. दाबोळी मांडवी आणि झुआरी दोन्ही नद्यांच्या पलीकडे. तिकिटावर नुसतं ‘गोवा’ वाचून पैसे भरू नका, कोड पाहा.

२. अक्षांश-रेखांश काढा, आणि मिनिटांना दशांश समजू नका

नकाशावर धावपट्टीच्या मध्यावर बोट दाबून धरलं की दोन आकडे मिळतात. पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. आपल्या कामासाठी दशांशानंतर दोन आकडे पुरेत. त्याने अंतरात जेमतेम एखाद्या किलोमीटरचा फरक पडतो.

- बिरसी: २१.५३ उत्तर, ८०.२९ पूर्व
- चिपी: १६.०० उत्तर, ७३.५३ पूर्व
- हैदराबाद (शमशाबाद): १७.२४ उत्तर, ७८.४३ पूर्व

नवख्यांची सगळ्यात मोठी चूक इथे होते. विमानतळांची माहिती बऱ्याचदा अंश-मिनिटांत छापलेली असते. बिरसीचा अक्षांश साधारण २१ अंश ३२ मिनिटं. तो २१.३२ नव्हे. मिनिटांना ६० ने भागायचं: ३२ भागिले ६० म्हणजे ०.५३, म्हणून २१.५३. नुसता टिंब टाकून मोकळे झालात तर विमानतळ जागच्या जागी सुमारे २४ किलोमीटर दक्षिणेला सरकतो, आणि उत्तर चुकलंय हे लक्षातही येत नाही, कारण ९४० च्या ऐवजी नऊशे वीस-पंचवीस आलं तरी ते खरंच वाटतं. अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल मात्र लगेच पकडली जाते. त्यात गोंदिया थेट उत्तर ध्रुवाकडे, आर्क्टिक समुद्रात जाऊन पोचतं.

३. सरळ रेषेतलं अंतर मोजा

पृथ्वी गोल आहे, पण हजारेक किलोमीटरच्या आतल्या आणि आपल्या अक्षांशावरच्या अंतराला शाळेतला काटकोन त्रिकोण पुरतो. उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर. पूर्व-पश्चिम एक अंश त्यापेक्षा कमी भरतो, कारण रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जवळ येत जातात. म्हणून तिथे दोन्ही ठिकाणांच्या सरासरी अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं.

उत्तर-दक्षिण: २१.५३ वजा १६.०० म्हणजे ५.५३ अंश. गुणिले १११.२, उत्तर ६१५ किलोमीटर.

पूर्व-पश्चिम: ८०.२९ वजा ७३.५३ म्हणजे ६.७६ अंश. सरासरी अक्षांश १८.७७, त्याचा कोसाइन ०.९४७. तिन्हींचा गुणाकार ७१२ किलोमीटर.

दोन्हींचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा: ९४१ किलोमीटर. गोलावरचं अचूक सूत्र वापरलं तर ९४० येतं. एका किलोमीटरसाठी डोकं खपवायची गरज नाही.

कोसाइन काढताना कॅल्क्युलेटर अंशांवर आहे ना, तेवढं बघा. तो रेडियनवर असला तर ०.९४७ च्या जागी भलताच आकडा येईल. तसंच विमानाच्या जगात अंतर सागरी मैलांत सांगतात; एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. आपलं ९४० किलोमीटर म्हणजे सुमारे ५०८ सागरी मैल. हेच ५०८ साधे मैल समजून १.६ ने गुणलंत तर सव्वाशे किलोमीटर हवेत विरतात.

४. विमान खरंच कोणत्या वाटेने जातं ते पाहा

आता सरळ रेषा विसरा. बिरसीहून हैदराबादला विमान आहे. हैदराबादहून चिपीला आहे. म्हणजे त्रिकोणाच्या दोन बाजू:

- बिरसी ते हैदराबाद: ५१५ किलोमीटर
- हैदराबाद ते चिपी: ५४० किलोमीटर
- एकूण १,०५५ किलोमीटर

सरळ रेषेपेक्षा ११५ किलोमीटर जास्त, म्हणजे जेमतेम आठवा हिस्सा. हा वळसा काहीच नाही. गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस आठवा: सरळ रेषेत सुमारे ८२० किलोमीटर, पण ती नागपूर, मनमाड, दौंड, पुणे करत तेराशे किलोमीटरच्या वर धावते. त्या मानाने हवेतला वळसा किरकोळ आहे. विमानप्रवासाचा दिवस खातो तो वळसा नव्हे, थांबा. सातव्या पायरीत त्यावर सविस्तर लिहिलं आहे.

५. किलोमीटरांची मिनिटं करा

या दोन्ही मार्गांवर एटीआर-७२ जातीची पंख्याची विमानं उडतात, सत्तर ते अठ्ठ्याहत्तर आसनांची. यांचा पल्ल्यावरचा वेग ताशी सुमारे ५१० किलोमीटर. जेटचा ताशी ८३० च्या आसपास. अंदाजासाठी असा हिशेब धरा:

अंतर भागिले ५१०, अधिक २० मिनिटं, अधिक १० मिनिटं.

यातली २० मिनिटं चढताना, उतरताना आणि धावपट्टीच्या दिशेला वळून रांगेत यायला जातात. तेव्हा वेग कमी असतो. १० मिनिटं जमिनीवर सरपटण्याची. मोठ्या विमानतळावर ती धावपट्टीपर्यंतच्या लांब वाटेमुळे (टॅक्सी-वे) जातात. छोट्यावर विमान बऱ्याचदा धावपट्टीवरूनच टोकापर्यंत जातं, तिथे वळतं आणि मग धावायला लागतं.

बिरसी ते हैदराबाद: ६१ अधिक ३०, म्हणजे दीड तास. हैदराबाद ते चिपी: ६४ अधिक ३०, म्हणजे एक तास पस्तीस मिनिटं. वेळापत्रकात पाच-दहा मिनिटं अधिक दिसली तर बुचकळ्यात पडू नका. छापील वेळ ही चाकं हलल्यापासून चाकं थांबेपर्यंतची असते, आणि वेळेवर पोचल्याची नोंद व्हावी म्हणून कंपन्या त्यात थोडी हवा भरून ठेवतात.

वाऱ्याचं काय? हैदराबादहून चिपीकडे जाताना तोंड पश्चिमेला. ताशी ४० किलोमीटरचा वारा समोरून आला तर ५४० किलोमीटरला ६९ मिनिटं, पाठीमागून आला तर ५९. एवढ्या छोट्या पल्ल्यात वाऱ्याने पाच मिनिटांचा फरक पडतो. त्यावर तिकीट ठरवू नका.

उत्सुकता म्हणून: उद्या कुणी बिरसी-चिपी थेट एटीआर सुरू केलंच, तर छापील वेळ सव्वादोन ते अडीच तास असेल.

६. मार्ग आज चालू आहे का, आणि कोणत्या वारी?

प्रादेशिक विमानसेवेत बातमी आणि वास्तव यांत काही महिन्यांचंच अंतर असतं. गोंदियाचंच पाहा. बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, पण प्रवासी विमान मार्च २०२२ मध्ये सुरू झालं, काही महिन्यांत बंद पडलं, आणि डिसेंबर २०२३ मध्ये दुसऱ्या कंपनीने हैदराबादचा मार्ग पुन्हा जोडला. चिपीचं उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ चं. सुरुवात मुंबईच्या विमानाने झाली. हैदराबादची जोडणी मार्च २०२४ मध्ये आली.

याचं कारण ‘उडान’ योजनेच्या रचनेत आहे. अशा मार्गावर कंपनीला येणारी तूट सरकार ठरावीक मुदतीपुरती भरून देतं, साधारण तीन वर्षं. मुदत संपली आणि प्रवासी जमले नाहीत, की कंपनी विमान दुसरीकडे वळवते. म्हणून:

- जुनी बातमी, जुना व्हॉट्सअॅप संदेश, ओळखीच्याने मागच्या वर्षी केलेला प्रवास यांवर विसंबू नका. हव्या त्या तारखेचं तिकीट कंपनीच्या संकेतस्थळावर विकायला असेल तरच मार्ग चालू.
- वेळापत्रक वर्षात दोनदा बदलतं: मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. जायचं मार्चात आणि यायचं एप्रिलात असेल तर परतीची वेळ वेगळी असणार, असंच धरून चला.
- विमान रोज असेलच असं नाही. इथे तो कोरा कागद काढा. सात वार आडवे लिहा, खाली पहिल्या विमानाच्या वारांवर खूण, त्याखाली दुसऱ्याच्या. दोन्ही खुणा एकाखाली एक येतात तेवढेच तुमचे वार.
- वार जुळले तरी क्रम जुळला पाहिजे. चिपीचं विमान सकाळचं आणि गोंदियाचं विमान दुपारी पोचणारं असेल, तर हैदराबादला मुक्काम पडला. मग त्या प्रवासाचा वेळ तासांत नको, दिवसांत मोजा.

दोन्ही तिकिटं हाताशी उघडून ठेवा, आधी दुर्मीळ विमानाचं काढा (ज्याचे वार कमी ते), मग दुसरं. उलट केलंत तर एक तिकीट हातात आणि दुसऱ्या विमानात जागा नाही, अशी पंचाईत होते.

७. हैदराबादचा थांबा: खरा वेळ इथे जातो

दोन विमानं दोन वेगळ्या कंपन्यांची असली की तिकिटंही दोन, पीएनआरही दोन. या एका गोष्टीचे परिणाम बरेच आहेत आणि पहिल्यांदा जाणाऱ्याला ते कुणी सांगत नाही.

तुमची बॅग पुढे जात नाही. बिरसीला दिलेली बॅग हैदराबादच्या पट्ट्यावर येते. ती घ्यायची, बाहेर पडायचं, प्रस्थान कक्षाच्या दारावर ओळखपत्र आणि दुसरं तिकीट दाखवून पुन्हा आत जायचं, दुसऱ्या कंपनीच्या काउंटरवर बॅग द्यायची, सुरक्षा तपासणीची रांग पुन्हा लावायची. बॅग नसेल तर आधीच वेब चेक-इन करून ठेवा, आणि बाहेर न पडता पुढच्या विमानाकडे जाता येतं का, ते उतरल्यावर विमानतळ कर्मचाऱ्याला विचारा. फक्त केबिन बॅग घेऊन जाणाऱ्याचा थांबा निम्म्यावर येऊ शकतो.

उशीर तुमच्या खात्यावर. पहिलं विमान दोन तास उशिरा आलं आणि दुसरं चुकलं, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. पैसे परत नाहीत, पुढच्या विमानात आयती जागा नाही. पहिल्या कंपनीची जबाबदारी तुम्हाला हैदराबादला पोचवल्यावर संपते. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर मिळत असतील तर चारशे-पाचशे रुपये जास्त पडले तरी तेच घ्या.

घड्याळ उलटं मोजा. समजा चिपीचं विमान २:३० ला आहे. चेक-इन काउंटर साधारण ६० मिनिटं आधी बंद होतो, म्हणजे १:३०. रांगेला अर्धा तास धरा: १:००. विमानातून उतरून बॅग घेऊन वर येईपर्यंत ४५ मिनिटं: १२:१५. पहिल्या विमानाच्या उशिराला किमान एक तास राखून ठेवा: ११:१५. म्हणजे गोंदियाचं विमान ११:१५ ला हैदराबादला टेकायला हवं. थांबा सव्वातीन तासांचा. त्याहून कमी अंतर ठेवून तिकीट काढणं म्हणजे जुगार आहे, आणि डिसेंबर-जानेवारीत तर हरण्याची शक्यता जास्त.

सामानाचं वजन दोन्ही कंपन्यांचं वेगळं तपासा. देशांतर्गत प्रवासात १५ किलो बॅग आणि ७ किलो हातातलं हे सर्वसाधारण माप आहे, पण जादा किलोचा दर दोन्हीकडे वेगळा, आणि तो दोनदा भरावा लागतो. एटीआरमध्ये डोक्यावरचे कप्पे लहान असतात. मोठ्या विमानात सहज मावणारी कडक चाकांची बॅग इथे मावत नाही आणि शिडीपाशी काढून घेतात. पॉवर बँक आणि औषधं त्या बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे ऐन वेळी काढता येतील. पॉवर बँक पोटातल्या सामानात चालत नाही. कोकणातून परतताना आणखी एक: अख्खं सुकं खोबरं चेक-इन बॅगेत नेऊ देत नाहीत, त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं.

८. जमिनीवरचे तुकडे

बिरसी गोंदिया शहराच्या ईशान्येला, सरळ रेषेत बारा किलोमीटरच्या आसपास. रस्त्याने अर्धा तास सोडा. ऑटो आदल्या दिवशी सांगून ठेवा. काळी-पिवळीच्या भरवशावर विमान पकडायला निघू नका, ती भरल्याशिवाय हलत नाही.

चिपीची गोष्ट वेगळी. नकाशावर मालवण समोर दिसतं, सरळ रेषेत नऊ-दहा किलोमीटर. पण मध्ये कर्लीची खाडी आहे. रस्ता पुलापर्यंत जाऊन वळसा घालतो. कुडाळ सरळ रेषेत १७ किलोमीटर, रस्त्याने चोवीसेक. कोकणात हा नियमच धरा: सरळ रेषेच्या अंतराला १.४ ते १.६ ने गुणा आणि ताशी ३५ किलोमीटरने भागा. विदर्भातल्या सपाट मुलखात १.२ ते १.३ ने गुणलं तरी भागतं. म्हणजे चिपी ते कुडाळ पाऊण तास, पावसात तासभर.

चिपीला उतरल्यावर बाहेर गाड्यांची रांग उभी असेल, अशी मुंबई-पुण्याची अपेक्षा ठेवू नका. अॅपवर बोलावायची टॅक्सी इथे धरून चालू नका. ज्या हॉटेलात किंवा घरी जाणार त्यांना विमानाची वेळ कळवून गाडी ठरवा, आणि चालकाला विमानाचा क्रमांक द्या. मग उशीर झाला तर दर पंधरा मिनिटांनी फोन करावा लागत नाही.

९. आता सगळी बेरीज

गोंदिया शहरातल्या घरापासून कुडाळपर्यंत, सगळं सुरळीत गेलं तर:

- घर ते बिरसी: ३५ मिनिटं
- विमानाआधी पोचणं: १ तास ३० मिनिटं
- बिरसी ते हैदराबाद: १ तास ३० मिनिटं
- हैदराबादचा थांबा: ३ तास १५ मिनिटं
- हैदराबाद ते चिपी: १ तास ३५ मिनिटं
- सामान घेऊन बाहेर: २० मिनिटं
- चिपी ते कुडाळ: ४५ मिनिटं

एकूण ९ तास ३० मिनिटं. त्यातली विमानात बसल्याची सव्वातीन तासही नाहीत. सरळ रेषेचं ९४० किलोमीटर अंतर या वेळाने भागलं तर वेग निघतो ताशी ९९ किलोमीटर.

१०. तिकीट काढण्याआधी ही दुसरी वाट तपासा

जवळचा विमानतळ म्हणजे लवकरचा प्रवास, हा समज इथे साफ खोटा ठरू शकतो. गोंदियाहून नागपूर रेल्वेने १३० किलोमीटर, सुमारे दोन तास. नागपूरहून गोव्याला जेट विमान जातं. नागपूर-मोपा सरळ अंतर ८१० किलोमीटर, छापील वेळ दीड-पावणेदोन तासांत बसतो. मोपाहून कुडाळ गाडीने तासाभरावर.

- घर, स्थानक, फलाट: ३० मिनिटं
- गोंदिया ते नागपूर रेल्वे: २ तास
- रेल्वेच्या उशिरासाठी राखीव: १ तास
- नागपूर स्थानक ते सोनेगाव विमानतळ: ३० मिनिटं
- विमानाआधी: १ तास ३० मिनिटं
- नागपूर ते मोपा: १ तास ३५ मिनिटं
- सामान: २५ मिनिटं
- मोपा ते कुडाळ: १ तास

एकूण साडेआठ तास. म्हणजे दोन छोट्या विमानतळांच्या वाटेपेक्षा तासभर कमी, विमानाचं तिकीट एकच, बॅग एकदाच द्यायची. राखीव तासात कंजूषी करू नका. त्या लोहमार्गावर मालगाड्यांची गर्दी असते आणि नागपूरच्या बाहेर गाडी हमखास थबकते. नागपूर मेट्रोचं ‘एअरपोर्ट’ स्थानक वर्धा रोडवर आहे, टर्मिनलच्या दारात नाही. सामान असेल तर सरळ ऑटो करा. आणि पहिल्या पायरीतली गोष्ट पुन्हा: विमान मोपाचं आहे की दाबोळीचं ते बघा. दाबोळीचं निघालं तर शेवटच्या टप्प्यात आणखी दीड तास घाला, मग हीच वाट अर्ध्या तासाने लांब पडते.

तिसरी वाट रेल्वेची. विदर्भ एक्सप्रेस गोंदियाहूनच सुटते; रात्रीत ठाणे गाठायचं, तिथे कोकणची गाडी. एका दिवसाहून जास्त लागतो, पण खर्च किती तरी कमी. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं आणि संथ असतं, त्यामुळे जूननंतरच्या प्रवासाला उन्हाळ्यातल्या वेळा वापरू नका.

लांबच्या गावी राहणाऱ्यांनी आपली बेरीज स्वतः करावी. आमगाव-सालेकसाकडच्या माणसाला बिरसी सोयीचं पडेल. तिरोडा किंवा तुमसरच्या माणसाने बिरसीकडे उलटं जाण्यात अर्थ नाही, नागपूरच बरं.

११. हवामान आणि प्रवासाचा दिवस

गोंदियाकडे डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुकं. चिपीला जून ते सप्टेंबर पाऊस आणि खाली उतरलेले ढग. कातळसड्यावरचा विमानतळ, समुद्र हाकेवर. दिसलं नाही तर विमान घिरट्या घालून दुसऱ्या विमानतळाकडे जातं किंवा माघारी फिरतं. दुसरीकडे उतरवलं तर आपणहून निघून जाण्याआधी कंपनी पुढे पोचवणार आहे का, ते काउंटरवर विचारा. एकदा बाहेर पडलात की तो हक्क सुटू शकतो. रद्द झालेल्या विमानाला पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा मागता येतो, पण तो त्याच तिकिटाचा, पुढच्या वेगळ्या तिकिटाचा नाही.

विमानाचा माग दाखवणाऱ्या अॅपवर दोन फसव्या गोष्टी आहेत. काही अॅप वेळ जागतिक प्रमाणवेळेत दाखवतात. त्यात साडेपाच तास मिळवा, ६:३० म्हणजे आपले दुपारचे १२. दुसरं, छोट्या विमानतळांच्या जवळ सिग्नल पकडणारी यंत्रं कमी असतात. विमान खाली आलं की पडद्यावरून नाहीसं होतं. घाबरू नका, ते उतरत असतं.

सोबत ठेवायची कागदपत्रं

आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पासपोर्ट यांपैकी एक, मूळ प्रत. तिकिटावरचं नाव आणि त्यावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळायला हवं; दोन तिकिटं दोन वेळा भरताना एका ठिकाणी वडिलांचं नाव घातलं आणि दुसऱ्या ठिकाणी गाळलं, असं फार होतं. दोन वर्षांखालच्या बाळाचा जन्मदाखला. दोन्ही तिकिटं कागदावर छापून. फोनची बॅटरी हैदराबादच्या तीन तासांत बरोबर संपते.

परतीचा हिशेब उलटा करून चालत नाही

जातानाचे वार आणि क्रम परतीला जुळतीलच असं नाही. चिपीहून हैदराबादला पोचायची वेळ आणि तिथून बिरसीचं विमान सुटायची वेळ यांवर सातव्या पायरीतलं घड्याळ पुन्हा चालवा. बिरसीला विमान दिवसातून जास्तीत जास्त एखाद-दुसरं. ते चुकलं तर हैदराबादहून नागपूरचं संध्याकाळचं विमान आणि तिथून रात्रीची रेल्वे हा मार्ग उरतो. त्या विमानाची आणि त्या गाडीची वेळ निघण्याआधीच कागदाच्या मागच्या बाजूला लिहून ठेवा.